कोरं केलेलं खातं

ननंदेचं लग्न ठरलं आणि माझा जीव एका जागी बसेना. भाकरी थापता थापता उठून दाराशी जायची, कशाला आले ते विसरून परत चुलीपाशी यायची. बस्ता चार-सहा दिवसांवर आला होता आणि कापड उधार देणारं दुकान आमच्याकडे राहिलं नव्हतं. हे घरात फक्त ह्यांना आणि मला ठाऊक होतं.

आमच्याकडे लग्नाचं सगळं कापड एकाच दिवशी, एकाच दुकानात घेतात. दोन्हीकडची माणसं गादीवर बसतात, लुगडी उलगडतात, धोतरं मोजतात. तोच बस्ता. पैसे तिथं कोणी काढत नाही. दुकानदार नाव लिहून घेतो, कापूस विकला की द्यायचे. त्याने नाव न लिहिता हात पुढे केला, तर व्याह्यांसमोर शोभा होते. आमची वेचणी अजून चालूच होती.

तळोद्याच्या शेठजींकडे सासऱ्यांचं जुनं खातं होतं. सासरे दर दिवाळीला हिशेब द्यायचे, पण एक रुपया मुद्दाम मागे ठेवायचे. त्या रुपयामुळे नव्या वहीत नाव पुढे उतरायचं. सासरे गेले आणि ह्यांना तो रुपया गावंढळपणा वाटायला लागला. हे सातवी शिकलेले. त्यातून नंदुरबारला नवं दुकान निघालं होतं. वाराला दोन पैसे कमी, वर कपबशीत चहा आणि भिंतीला लावायला कॅलेंडर. गेल्या दिवाळीला हे तळोद्याला जाऊन सगळं देऊन आले.

"खातं कोरं करी टाकं," घरी येऊन म्हणाले. "आते कोनं काही देनं नही."

सासूबाई शेंगा फोडत होत्या. "कोरं कसाले करं? आपले काय गाव सोडीसन जानं शे?"

"माय, देनं नही म्हनजे इज्जत वाढस."

मलाही ते पटलं. माझ्या चौथीपर्यंतच्या गणितात देण्यापेक्षा शून्य बरंच असतं.

लग्न ठरल्यावर हे नंदुरबारच्या दुकानात गेले. तो म्हणाला, एखाद-दुसरं लुगडं लिहून घेईन, बस्त्याला निम्मे पैसे रोख लागतील. तुमची माझी ओळख दिवाळीपासूनची. ह्यांनी तळोद्याचं जुनं खातं सांगितलं. त्यावर तो हसून म्हणाला, "मग तिथूनच घ्या ना. इतकं जुनं खातं त्यांनी का बंद केलं?"

आपणच बंद केलं, हे सांगूनही त्याला खरं वाटलं नाही. घरी आल्यावर ह्यांनी मला हे भिंतीकडे तोंड करून सांगितलं आणि मायला कळू देऊ नको म्हणाले.

मी कळू दिलं नाही. पण वरणात दोनदा मीठ पडलं, दळण सांडलं. सासूबाईंनी मला ओसरीवर बसवलं.

"काय व, तुन्हा पाय जमीनवर का ठरत नही?"

मी पदराचं टोक पिळत राहिले. "आत्या, तळोदाना शेठ..." एवढंच तोंडातून निघालं. त्यांना पुढचं कळलं.

दुसऱ्या सकाळी त्यांनी गाडी जुंपायला लावली. गाडी हाकायला हे, सोबतीला मी. दुकानाशी आल्यावर हे बैल सोडायच्या निमित्ताने बाहेरच थांबले.

"बठ, माय," शेठजी म्हणाले. "बस्तानं का?"

"हा. आमनं खातं काढ."

"ते खातं आते नही. मी तुन्हा आंडोरले म्हनं, एक रुपया ऱ्हाऊ दे. तो म्हने, माले कोनी उपकार नको." आंडोर म्हणजे मुलगा. हे बाहेर बैलाला पाणी पाजत होते, त्यांना ऐकू गेलं असावं.

"मन्हा घरवालानी कधी तुन्हा पैसा बुडाया का?"

"नही. पन ती त्यासनी पत व्हती. पोरगानी ती पुसी टाकी. त्याना नावे मी आते काय दखीसन लिखू?"

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. सासूबाई हलल्या नाहीत.

"मंग मन्हा नावे लिख."

शेठजी थांबले. "बाईना नावे?"

"माले वळखस का नही?"

"वळखस," ते म्हणाले. बराच वेळ टोपी मागेपुढे करत बसले. मग म्हणाले की लिहितो, पण खातं नवं, तेव्हा हात आखडूनच. नवरीची लुगडी आणि व्याह्यांचा मान एवढंच. घरच्यांसाठी पुढच्या वर्षी बघू.

बस्त्याच्या दिवशी मुनीमजींनी मोठ्याने नाव विचारलं आणि शेठजींनी सासूबाईंचं नाव सांगितलं. व्याह्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे धोतराचा काठ बोटाने तपासत राहिले. मग व्याहीच म्हणाले, "चांगलं शे. पोरनी माय स्वतः बस्ता करी ऱ्हायनी." सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

मी बायकांच्या मागे बसले होते. ननंदेने ढिगातलं एक जांभळं लुगडं ओढून माझ्या मांडीवर टाकलं. "वहिनी, हाई तुले."

"तो रंग माले आवडत नही," मी म्हटलं आणि ते परत ढिगात सारलं. ती दुसरं उचलेल म्हणून मी तिचा हातच धरून ठेवला.