उंबरठ्यावरचं जेवण
अन्याय झाला तो चौक गावाहून येऊन आमच्या शेजारचं दीड वर्षाचं पोर सांभाळणाऱ्या मावशींवर, १९९४च्या मे महिन्यात, रोज भर दुपारी. सुकटीचा वास आला की नवघरची ती बिल्डिंग आठवते: जिन्यात फिनेलचा दर्प, तापलेल्या भिंती, आणि झोपलेलं पोर खांद्यावर टाकून दारात उभ्या मावशी. सुकट-भाकरीचा डबा बाहेर चपलांच्या स्टँडवर उघडा, एक पाय आत, एक बाहेर, मोकळ्या हाताने त्या भाकरी मोडत होत्या. कॉलेजातून परीक्षेचा पेपर देऊन येणारी मी म्हणाले, "मावशी, आत बसून जेवा की." त्या थकून हसल्या. "आत मावरं चालत न्हाय, पोरी, आन् पोराला भायेर काढलेला चालत न्हाय. खाली ठेवला का उठतो. मंग मी अर्धी आत, अर्धी भायेर." पोराला घ्यायला मी हात पुढे केले, तर ते किंचाळतच उठलं. आत पंख्याखाली आडवी झालेली त्याची आजी ओरडली, "उठवलंस ना त्याला! सारखं काय गं खायचं?" दुसरा घास तोंडात असतानाच मावशींनी डबा लावला आणि त्या पोराला थोपटत आत गेल्या. आज मी घरकामगार बायकांच्या संघटनेची पत्रकं वाटते, पगार आणि सुट्टीवर बोलून घसा बसतो, पण या बायका जेवतात कधी, हे कुणी विचारत नाही. तुमच्या घरी अशी बाई येत असेल, तर तिला आज जेवायला बसवा, आणि तिचं पोट भरेपर्यंत तुमचं पोर तुम्ही सांभाळा.