स्क्रूचा अर्धा फेरा

द्राहोमिरा वात्सुलिकोव्हा एकसष्ट वर्षांची होती, पिस्तुलाच्या सामन्यांत पंच होती आणि तिला गोळीची भीती वाटायची. पहिल्या दोन गोष्टी सगळ्या क्लबाला माहीत होत्या. तिसरी फक्त तिला.

बत्तीस वर्षं तिने बेअरिंगच्या कारखान्यात मापं तपासली. केसाएवढा फरक तिच्या बोटांना कळायचा, आणि ज्याचा माल ती परत पाठवायची तो तिला शिव्या घालत परत घेऊन जायचा. तिच्या नवऱ्याने, बेद्रिखने, चार मित्रांना हाताशी धरून गावाबाहेरच्या बंद दगडखाणीत नेमबाजीचा क्लब काढला. तो गेल्यावर पोलादी पाट्यांचं काम आपसूक हिच्याकडे आलं. छातीएवढी उंच पाटी, वर गोल डोकं, पायाशी बिजागरी. गोळी नीट बसली की मागे पडते. किती सहज पडावी हे मागचा एक स्क्रू ठरवतो. स्क्रू आत फिरवला की पाटी पुढे कलते आणि पाडायला जड जाते, बाहेर काढला की वाऱ्यानेसुद्धा पडेल. असलं काम द्राहोमिराला न सांगता जमायचं.

दोन वर्षांपूर्वी वसंतात एका खड्डे पडलेल्या पाटीवरून गोळीचं तांब्याचं साल उडालं आणि तिच्या डोळ्याखाली घुसलं. चष्म्याची कड नसती तर डोळा गेलाच होता. तीन टाके पडले. "मधमाशी चावली समजा," असं ती सगळ्यांना हसत सांगत सुटली. पण त्यानंतर पोलादावर गोळी वाजली की तिचे डोळे आपोआप मिटायचे. सामन्याच्या आदल्या दिवशी घास उतरायचा नाही. हे क्लबप्रमुख ओल्द्रिखला कळलं असतं तर त्याने तिला तंबूत आकडे भरायला बसवलं असतं. वाईट काय होतं त्यात? काही नाही. पण बेद्रिखनंतर आठवड्यातून एकदा कुणी तिची वाट बघायचं अशी ती खाण एकच जागा होती, आणि वाट पाट्यांपाशी बघायचे, तंबूत नव्हे.

तर, सप्टेंबरातला मोसमाचा शेवटचा सामना. सकाळी तिने मुद्दाम कमी जोराची काडतुसं घालून चारही पाट्या पाडून बघितल्या. पडल्या. सही केली. एकदा सही झाली की स्क्रूला हात लावायचा नाही, आणि लावलाच तर पुन्हा गोळी मारून तपासायचं. हा नियम ती नवीन पंचांना दम देऊन शिकवायची.

जेवणाच्या जरा आधी एक साल सूं करत तिच्या कानाजवळून गेलं. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. ही दोन पावलं मागे सरकली. मंडळी भाजलेली सॉसेजं आणि मोहरीची चटणी घ्यायला रांगेत लागली तेव्हा ती रंगाचा डबा घेऊन पाट्यांकडे गेली. सगळ्यात जवळची पाटी रंगवता रंगवता तिने मागे हात घातला आणि स्क्रू अर्धा फेरा आत फिरवला. पाटी पुढे कलली की सालं जमिनीकडे उडतात, डोळ्यांकडे नाही. विचार केला असं म्हणता येणार नाही. हाताने केलं. आणि मग आयुष्यभर केसाएवढा फरक पकडणाऱ्या बाईने स्वतःला सांगितलं, अर्ध्या फेऱ्याने काय होतंय!

जेवणानंतरच्या पहिल्या दोघांना ती पाटी दुसऱ्या गोळीने पडली. दुसरा तर चांगली खणखणीत शिवी देऊन गेला. द्राहोमिराने दोन्ही वेळा पाटी उभी केली आणि पुढच्याला बोलावलं.

तिसरी सिल्विए. बस चालवणारी, तेवीस वर्षांची, जिभेने तिखट. ग्रीसमधल्या स्पर्धेला जाणाऱ्या संघात मुलींच्या चार जागा, आणि तीन भरल्यात जमा होत्या. चौथी आजच ठरायची. वेळ मोजणारं शिट्टीयंत्र वाजलं, ती पळत पळत गोळ्या मारत सुटली. जवळच्या पाटीवर ठण्ण झालं. पाटी झुलली आणि उभी राहिली.

दुसरी गोळी मारून पाडायची, म्हणजे वेळ जाणार. किंवा तशीच उभी सोडून शेवटी तपासणी मागायची. तपासणीत पाटी पडली तर नेमबाजाची चूक, दहा गुण कापले. नाही पडली तर पुन्हा संधी. सिल्विएने पाटी उभी सोडली. शेवटी पिस्तूल रिकामं करून दाखवलं आणि म्हणाली, "ती तपासा. माझी गोळी बसलीय. हात लावू नका कुणी!"

ओल्द्रिख तपासणीचं पिस्तूल घेऊन आला. "द्राहो, पाटी तू लावलीस, गोळीही तूच मार."

"मावशी, आधी चष्मा पुसा!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

सिल्विए जिथून मारत होती तिथे ती उभी राहिली. पाटी पडायला नको, एवढंच तिला हवं होतं. गोळी पाटीच्या गोल डोक्यावरून निघून गेली तरी तपासणी फसली असं धरतात. म्हाताऱ्या बाईचा हात जरा वर गेला तर कोण काय म्हणणार? पोरीला संधी मिळेल, आपलं झाकलेलं झाकलेलं राहील. ती वर नेम धरायला लागली. मग वाटलं, चुकून पोलाद वाजलं तर, आणि डोळे मिटले.

ठण्ण.

डोळे उघडले तेव्हा पाटीच्या डोक्याच्या मधोमध शिशाचा डाग होता. पाटी क्षणभर विचार केल्यासारखी थांबली आणि सावकाश मागे गेली.

"पडली," ओल्द्रिख म्हणाला. "सिल्विए, चूक तुझी. गुणपत्रकावर सही कर."

"अहो, पण मी मारली होती!"

"सगळेच मारतात. सही कर."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. ती सहीला वाकली. गप्प बसलं की संपलं; पाटी आडवी झालेली, आता कुणाला काय कळणार?

"थांब," ती म्हणाली. आवाज चिरकला. "सही नको. जेवणाच्या सुट्टीत मी स्क्रू फिरवलाय. अर्धा फेरा आत."

"काय केलंस?"

"ऐकलंस ना. परत तपासलाही नाही."

"तू? का पण?"

"भीती वाटली म्हणून."

कुणीतरी फिसकन हसलं. ओल्द्रिख तिच्या डोळ्याखालच्या व्रणाकडे बघत राहिला. "केव्हापासून?"

"टाके पडले तेव्हापासून."

"दोन वर्षं! दोन वर्षं घाबरलेल्या बाईला मी पाट्यांपाशी उभं केलं? अगं, सांगायचं नाही का?" मग त्याचा आवाज चढला. "तिघांना परत खेळवावं लागणार. अंधार कधी पडतो ठाऊक आहे ना? दे तो शर्ट."

पंचाचा लाल शर्ट तिने सगळ्यांसमोर काढला. आतल्या जुन्या बंडीवर तिला थंडी वाजायला लागली.

काडतुसं भरता भरता सिल्विए तिच्यापाशी आली. आभार मानायला आली असेल असं द्राहोमिराला वाटलं असेल, तर तो तिचा भाबडेपणा.

"मावशी, एक सांगा. पाटी उभी राहिली असती तर मला तशीही परत संधी मिळाली असती. तेव्हा बोलला असतात?"

"नाही."

"आणि माझ्या आधीच्या दोघांचं काय?"

"नाही म्हटलं ना."

सिल्विएने तिच्याकडे रोखून बघितलं. "मी खेळताना इथे उभ्या राहू नका," म्हणाली आणि गेली.

द्राहोमिरा मातीच्या बांधामागे जाऊन बसली. तिथे कुठलंच साल येऊ शकत नव्हतं. तरी सिल्विएच्या पाळीला शिट्टीयंत्र वाजलं तसे तिने डोळे मिटले. पोलाद चारदा वाजलं. चारदा पाटी जमिनीवर आपटली. पाचवा आवाज आला नाही. पोरीची वेळ किती लागली, जागा मिळाली की नाही, ते तिथून कळत नव्हतं आणि उठून बघायला जायची तिची हिंमत नव्हती.

"पाट्या उभ्या करायला या रे कुणीतरी!" ओल्द्रिख ओरडला.

ती सवयीने उठली. मग परत बसली.