लागलं तरी चोळायचं नाही

हे मी अजून कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, आईच्या नाही, आणि ज्याच्या कानावर सगळ्यात आधी घालायला हवं होतं त्याच्या तर नाहीच. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर सांगितलंच नसतं. एवढा मी स्वतःला ओळखून आहे.

क्रिकेटचे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत मी कामाला आहे. माण गावात, आयटी पार्कच्या मागच्या अंगाला आमचं ऑफिस. माझं काम एकच — गेममधली बॅटिंग खरी वाटली पाहिजे. ऐकायला गंमत वाटते ना? नातेवाईक अजून विचारतात, “म्हणजे दिवसभर खेळतच असतोस होय रे?” आई बिचारी सांभाळून घेते, “कॉम्प्युटरचं आहे त्याचं काहीतरी.” असो. विषय तो नाही. बघा — सुरुवातीलाच पळवाट शोधायला लागलो.

विषय रामेश्वर आहे.

रामेश्वर आणि मी पिंपरीत एका चाळीत वाढलो. दोघांचेही वडील बीडकडून आलेले, एकाच कंपनीत शिफ्टला जाणारे. चाळीमागं मोकळी जागा होती, तिथं आम्ही टेनिस बॉलनं खेळायचो. आणि तिथं एक कायदा होता. लागलं तरी चोळायचं नाही. बॉल मांडीवर बसो, पोटात बसो, कानफटात बसो — हात तिकडं गेला की बॉलर जिंकला. मग सगळी पोरं तुम्हाला ‘चोळ्या’ म्हणणार, आणि ते नाव काही लवकर सुटायचं नाही.

माझं सुटलंच नाही. मी चोळ्या. बॉल लागायच्या आधीच माझा मागचा पाय लेगला पळायचा, आणि लागला की दोन्ही हातांनी चोळत बसायचो. रामेश्वरचं कसं होतं सांगू? त्यालाही लागायचं हो. टेनिसचा असला तरी ओला झालेला बॉल चांगला चटका देतो. त्याचा हात निघायचा, लागलेल्या जागेकडं अर्ध्यापर्यंत जायचा — आणि थांबायचा. मूठ एकदा वळायची आणि हात परत बॅटवर. मला शिकवायचा बिचारा. “नित्या, हात निघू दे लेका. फक्त पोचू देऊ नको.”

मला कधीही चोळ्या न म्हणणारा तो एकटाच होता. आणि राग मला त्याचाच जास्त यायचा. बाकीच्यांनी चिडवलं की उलट चिडवता येतं. जो चिडवतच नाही त्याचं काय करायचं?

पुढं मी इंजिनिअर झालो, रावेतला फ्लॅट घेतला. तो आयटीआय करून चाकणला एका स्पेअर पार्टच्या कारखान्यात लागला आणि निघोज्यात भाड्यानं राहू लागला. सहा दिवस तो लाइनवरचा एक माणूस. पण रविवारी! आमच्या पट्ट्यात गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा असतात, आणि तिथं रामेश्वर बॅटिंगला उतरला की चहाच्या टपरीवरची गिऱ्हाइकं ग्लास हातात घेऊन बाउंड्रीला येऊन उभी राहायची. माइकवरचा माणूस त्याचं नाव लांबवून लांबवून घ्यायचा. त्याची बायको, सुनीता वहिनी, मला एकदा म्हणाली होती, “भाऊजी, यांचा सोमवार रविवारवर चालतो बघा.” खरं होतं ते. त्याच्याकडं स्वतःचं म्हणून ते एकच होतं. मला ते पक्कं ठाऊक होतं, हे इथंच सांगून ठेवतो.

आणि मी? शिकलो, फ्लॅट झाला, गाडी झाली. पण त्याच्या मॅचला जाऊन उभा राहिलो की पुन्हा चोळ्याच.

आता कामाचं. आमच्या गेममधल्या बॅटिंगवर लोक वैतागलेले होते. गळ्यावर येणारा बॉल असला तरी आमचा बॅट्समन असा उभा, जणू बीआरटीच्या बसची वाट बघतोय. वजन पुढच्या पायावर जाणं, उशिरा हात सैल सोडणं, कड लागल्यावर वाकडं होणारं तोंड — हे सगळं आम्ही एकेक करून आणत होतो. त्यासाठी खऱ्या माणसाला काळे घट्ट कपडे घालायचे, अंगभर चमकणारे ठिपके लावायचे, आणि भोवतीच्या कॅमेऱ्यांनी त्याची प्रत्येक हालचाल टिपायची. पॅड नाहीत, हेल्मेट नाही, कारण ठिपके झाकले जातात. म्हणून हॉलमध्ये फक्त टेनिसचा बॉल वापरायचा असा नियम होता. त्या बॉललाही चंदेरी पट्टी गुंडाळायची, म्हणजे कॅमेऱ्याला दिसतो.

बॅटिंग करायला रामेश्वरचं नाव मीच सुचवलं. त्यानं सुट्टी टाकली, इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्या काळ्या कपड्यांत आरशासमोर उभा राहून म्हणाला, “राव, हे काय, पाण्यात सूर मारायचाय का?” सगळे हसले. आणि मग त्यानं जे मारलं! तिथं सगळी लॅपटॉपला चिकटलेली माणसं, ती उठून उभी राहून शिट्ट्या मारायला लागली. दुपारपर्यंत तो त्यांचा रामेश्वरभाऊ झाला होता. मला तिथं कामाला लागून कितीतरी वर्षं झाली होती. मला कुणी भाऊ म्हणत नाही.

एक गोष्ट तेवढी मिळेना — भीती. अंगावर आलेल्या बॉलला दचकणं. त्याला सांगितलं, घाबरून दाखव. तो खोटं घाबरायचा, वेडंवाकडं तोंड करायचा, आणि स्वतःच हसत सुटायचा. “नित्या, टेनिसला काय घाबरायचं भावा? येत नाही मला.”

येत नाही मला. किती सहज म्हणाला!

बॉल मीच फेकत होतो. लांब दांड्याचं एक साधन असतं, त्यात बॉल अडकवून जोरात फेकता येतो. पुढचा बॉल मी पिशवीतून काढला, फेकला — आणि तो टेनिसचा नव्हता. सीझन बॉल होता, लेदरचा. वरून चंदेरी पट्टी, त्यामुळं बघून कुणालाच कळलं नसतं. रामेश्वर नेहमीसारखा पुढं आला. शेवटच्या क्षणी त्याला त्या बॉलचं काहीतरी वेगळं जाणवलं असावं. मान मागं गेली, पाय लेगला सरकला, पण तोवर उशीर झाला होता. बॉल बरगडीवर बसला. तो आवाज मी तुम्हाला सांगू शकणार नाही. कडेला कुणीतरी “आई गं” म्हणालं, एवढं आठवतं.

त्याचा हात निघाला. अर्ध्यात थांबला. मूठ वळली. आणि मग तो गुडघ्यावर बसला.

मी ओरडत धावलो. चुकून झालं, दुसऱ्या पिशवीतला बॉल आला, आईशप्पथ चुकून आला — सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी इतका पांढराफटक पडलो होतो की एकीनं मलाच आधी पाणी आणून दिलं. करून सवरून नामानिराळा, म्हणतात ना, तो मी. आणि रामेश्वर? दवाखान्यात नेताना गाडीत, श्वास घेता येत नव्हता तरी, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, “होतं रे. तू नको घेऊ मनाला.”

बरगडीला चीर गेली होती. ती भरून आली. हाडांचं बरं असतं.

पहिल्या रविवारी तो पुन्हा उतरला तेव्हा मी बघायला गेलो होतो. साधा टेनिसचा बॉल, साधा बॉलर. आणि रामेश्वरचा मागचा पाय लेगला पळाला. त्यानं खाली पायाकडं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. पुढच्या बॉलला पुन्हा तेच. पोरांना काय, वास लागतो लगेच. पुढच्या सामन्यांत सगळे त्याच्या छातीवर टाकायला लागले. माइकवरचा माणूस आधी गप्प राहायचा, मग हसायला लागला. आधी संघात त्याचा नंबर खाली गेला, मग नाव गेलं. आता रविवारी तो ओव्हरटाइम करतो. वहिनी म्हणाली, “घरात असले की नुसते गप्प बसतात हो भाऊजी. त्यापेक्षा गेलेलं बरं.” हे ती मला सांगत होती. मला!

आणि गेम? गेम जोरात चालला. रामेश्वरचे फटके त्यात नाहीत. आमच्या साहेबांनी बघून सांगितलं, हे टेनिसवाले आडवे फटके, पुस्तकातले नाहीत, काढून टाका. ठेवली फक्त ती एक हालचाल. मान मागं, पाय लेगला, बॉल बरगडीवर, हात निघतो, थांबतो, मूठ वळते. ती आम्ही अकराव्या नंबरच्या बॅट्समनला दिली. ज्याला बॅट धरता येत नाही, त्याला. लोकांना फार आवडली. त्याचे तुकडे कापून मोबाइलवर फिरवतात, खाली हसणारी तोंडं टाकतात. मला बढती मिळाली.

एकदा रामेश्वर आणि वहिनी रावेतला जेवायला आले होते. जेवण झाल्यावर तोच म्हणाला, “तुझा तो गेम दाखव की.” काय सांगणार? लावला. तो खेळत गेला, विकेटा पडत गेल्या, आणि अकराव्या नंबरचा आला. बॉल अंगावर आला. रामेश्वरनं अंगठ्यानं बटण दाबून गेम थांबवला. स्क्रीनवरच्या माणसाचा हात अर्ध्यात थांबलेला होता.

मग हळूच म्हणाला, “नित्या, हा मी हाय ना?”

तेव्हा सांगता आलं असतं. आतमध्ये बायका भांडी आवरत होत्या, टीव्हीचा आवाज बारीक होता, तो माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, “छे रे! तुझं सगळं काढून टाकलं साहेबांनी. हे कॉम्प्युटरनं बनवलेलं आहे.”

त्यानं मान हलवली. माझं त्याला पटलं की त्यानं मला सोडून दिलं, ते मला माहीत नाही. पुन्हा स्क्रीनकडं बघून म्हणाला, “मग त्याला चोळू द्या की लेका. इतकं लागल्यावर चोळावं माणसानं.”

आता राहिलेलं सांगतो. इतका वेळ त्याच्याच भोवती फिरतोय.

बॉल चुकून आला नव्हता. पिशवी एकच होती. तो सीझन बॉल मी वाटेतल्या दुकानातून घेतला होता आणि आदल्या संध्याकाळी घरी, चहा पीत, त्याला चंदेरी पट्टी गुंडाळली होती. नीट, कडा न उचलता. आदल्या संध्याकाळी! म्हणजे ‘येत नाही मला’ हे तो बोलायच्याही आधी. त्याला घाबरता येणार नाही हे मला चाळीपासून माहीत होतं.

गेमसाठी केलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. तेही खोटं. गेमला भीती हवी होती ना? भीती हॉलमध्येच उभी होती की! बॉल फेकत होती. मी ते काळे कपडे घातले असते आणि कुणी साधा टेनिसचा बॉल जरी फेकला असता, तरी पाय लेगला, मान मागं, डोळे मिटलेले — सगळं एका झटक्यात, अस्सल मिळालं असतं. कुणाला ओरखडाही आला नसता. पण मग त्या सगळ्यांनी मला तसा बघितला असता. त्यापेक्षा मी त्याची बरगडी निवडली. आणि अजून खरं सांगू? मला त्याला घाबरलेला बघायचा होता. एकदाच. तो पाय लेगला सरकला तेव्हा, बॉल लागायच्याही आधी, मला बरं वाटलं.

गेममधला तो हात बदलणं माझ्या हातात आहे. अर्ध्यात थांबतोय तो बरगडीपर्यंत न्यायचा, चोळू द्यायचं. दुपारच्या जेवणाआधी उरकेल एवढंच काम. मी केलं नाही.

परवा ऑफिसात नव्यानं भरती झालेल्या पोरांना मी हेच शिकवत होतो, बॅटिंग खरी कशी वाटते ते. मोठ्या पडद्यावर अकराव्या नंबरचा आणला, बॉल त्याच्या बरगडीवर बसवला आणि हात अर्ध्यात थांबवून ठेवला. एका मुलीनं विचारलं, “सर, हे असं हात थांबवायचं तुम्हाला सुचलं कसं?”

मी म्हणालो, “सुचायचं काय त्यात? लहानपणी मी असाच होतो. कितीही लागलं तरी चोळायचो नाही.”