नानांच्या मापाचा बाक

"झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, त्याला उठू द्यायचं," असं बाई म्हणत आणि मेथीची जुडी घेऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसत.

नव्वदच्या दशकात तुम्ही कोपरखैरण्यात राहत असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. बालवाडीतून निवृत्त झालेल्या, मूळच्या मराठवाड्याच्या, एकट्या राहणाऱ्या. सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणत. आमच्या बागेत सकाळी गोणपाटावर कोणी ना कोणी झोपलेलं असे. कोणी मार्केटातला थकलेला हमाल, कोणी कारखाना बंद पडल्यावर खोली सुटलेला माणूस. तो जागा होऊन दचकला की बाई म्हणत, "झोपा अजून, माझी मेथी निवडून व्हायचीय." मग थर्मासमधला चहा, आणि मग चौकशा. जखम कसली, गाव कुठलं, रेशनकार्ड आहे का. आजारी माणसाला त्या दवाखान्यात नेत. ज्याला काम हवं त्याला एखाद्या सोसायटीत चिकटवून देत.

आधी ही बाग फक्त नकाशावर होती. प्रत्यक्षात तिथं बांधकामाचा राडारोडा होता. बाईंनी याच माणसांना हाताशी धरून तो उचलला, कडेनं करंजाची रोपं लावली. आमच्या इमारतीतल्या एकीनं त्यांना टोमणा मारला, "ही माणसं ठेवून बाग सुधारणार होय तुमची?"

"मग पाणी घालायला तुम्ही येता का?" बाईंनी शांतपणे विचारलं.

त्या माणसांत नाना सगळ्यांत म्हातारे. साताऱ्याकडचे, जन्मभर पोती वाहून कंबर गेलेली. जमिनीवर आडवे झाले की त्यांना आपलं आपण उठता येत नसे. दोघांनी काखेत हात घालून उभं करावं लागे. जवळ कोणी नसलं तर ते तसेच पडून राहत. एकदा तिथंच कपडे खराब झाले, तेव्हा ते दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. त्यानंतर बाईंनी बाकांचा ध्यास घेतला. "बाकावरून पाय खाली सोडले की माणूस आपला आपण उठतो, भाऊ," त्या मला म्हणाल्या.

माझं तुर्भ्याला ग्रिल आणि गेट बनवायचं वर्कशॉप होतं. बाक मीच करणार होतो. एका दुपारी बाई नानांनाच रिक्षात घालून घेऊन आल्या. त्यांना पत्र्यावर आडवं केलं आणि म्हणाल्या, "घ्या माप."

नाना छताकडे बघत म्हणाले, "लगीन झालं तवाबी माजं माप कुनी घेतलं न्हवतं." कामगार हसले. मी डोक्यापाशी आणि टाचेपाशी खडूनं रेघ मारली.

"वीतभर जास्त धरा," बाई म्हणाल्या. "झोपेत माणूस लांबतो."

पुढच्याच आठवड्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले. "शेठ, बाग बसायला आहे, झोपायला नाय. मधोमध एक दांडा टाका ना. बाईंना आधी सांगून कशाला टेन्शन देताय?"

माझ्यावर दबाव होता, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही नव्हतं. माझ्या घराची खिडकी बागेवर उघडायची. उघडली की समोर ती माणसं दिसायची, आणि ती मला नको होती. हात टेकायला असतो तसा लोखंडी दांडा मी प्रत्येक बाकाच्या मधोमध वेल्ड केला. आता बाकावर दोघं बसू शकत होते, एकाला आडवं होता येत नव्हतं.

बाई बघायला आल्या. "हे काय, भाऊ?"

"आधार आहे. तो नसला तर बाकाच्या पट्ट्या मधे वाकतील."

लोखंडातलं बाईंना कळत नव्हतं, आणि मी खोटं बोलेन असं त्यांच्या मनातही आलं नाही.

बाक बसवले त्या दिवशी नारळ फुटला. सेक्रेटरी भाषणात म्हणाले, "हे बाक बाईंनी सुचवले, त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाले." टाळ्या झाल्या. नाना पुढे आले, दांड्यावर हात ठेवून उभे राहिले.

"बाई, मंग माजं माप कशापायी घेतलंसा?"

"नाना, लोखंड मधे वाकतं म्हणे."

"आवं, मी काय हत्ती हाय व्हय?"

कोणीतरी हसलं. नाना हसले नाहीत. मी खोबऱ्याचा तुकडा हातात धरून तिथंच उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं.

त्या संध्याकाळी नाना बाग सोडून गेले. मग बाकीचेही एकेक करून गेले. बाई सकाळी भाजी घेऊन येत, पण शेजारी बसायला कोणी नसे. सोसायटीत मात्र बोलणं सुरू झालं, "बाई हुशार निघाल्या. गोड बोलून सगळ्यांना हाकललं." लोक हे कौतुकानं म्हणत. बाईंच्या तोंडावरही म्हणत.

त्या नानांना शोधत दिघ्यापर्यंत हिंडल्या. भर पावसाळ्यात ते एका इस्पितळात सापडले. ओल्या जमिनीवर पडून राहिल्यानं त्यांची छाती भरली होती. बाईंना पाहून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि ते वळलेच नाहीत. तसेच गेले.

हे बाईंनीच मला वर्कशॉपमध्ये उभ्या उभ्या सांगितलं. मग म्हणाल्या, "भाऊ, एक विचारायचं होतं. दांडा नसता तर पट्ट्या खरंच वाकल्या असत्या?"

"हो," मी म्हणालो.

बाईंनी श्वास सोडला. "मग बरं. म्हणजे मी नानांना खोटं नाही सांगितलं."

त्या पाणी प्यायल्या आणि निघाल्या. पुढे त्यांनी खोलीही सोडली. कुठं गेल्या, ते कोणाला माहीत नाही. आता त्या असतील असं वाटत नाही.

"गोड बोलून हाकललं" हे अजूनही कोणी बाईंबद्दल बोलताना तुमच्या कानावर आलं, तर त्याला एवढं सांगा. दांडे मी घातले होते. पट्ट्या जाड होत्या आणि नाना काटकुळे. वाकल्या नसत्या.