पेटंट संपायला चार महिने होते

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही. ऐका फक्त.

मी चाकणला एका औषध कंपनीत पेटंटचं काम बघते. एखाद्या औषधावरची मूळ कंपनीची मक्तेदारी कुठल्या देशात कधी संपते, त्यावर नजर ठेवायची. ती संपली, की आमची स्वस्त गोळी बाजारात. माझे मोठे दीर, दत्तादादा, चारचौघांत म्हणायचे, "मेघा कंपनीत झेरॉक्स काढते."

त्याचा राग नव्हता. राग वेगळाच होता.

चिखलीत त्यांनी घर बांधलं, त्याच्या वास्तुशांतीला माझे बाबा बीडहून आले होते. कंपवातानं त्यांचा हात थरथरायचा. आमटी सांडली. दादा सगळ्यांसमोर म्हणाले, "यांना गॅलरीत वाढा रे." बाबा उठले. चपलांशेजारी बसून जेवले. आणि मी? मी वाढत राहिले.

पुढं दादांना रक्ताचा कॅन्सर झाला. आजार आटोक्यात ठेवणारी गोळी होती — रोज एक, परदेशी कंपनीची, पेटंटमधली. स्वतःच्या वर्कशॉपमधली एकेक मशीन विकून ते ती घेत होते. एका रविवारी जाऊबाईंना, सुमनताईंना, घेऊन ते पिंपळे सौदागरला आमच्याकडे आले. खुर्चीच्या कडेवर बसले.

"मेघा, तुला कळतं यातलं. स्वस्तातली कधी येणार गं? तेवढं कळलं तर कसंबसं ओढीन."

चार महिने. फक्त चार.

कंपनीचं गुपित होतं म्हणून गप्प बसले, असं म्हणू? खोटं आहे ते. पेटंट कधी संपतं हे कुणालाही शोधता येतं. त्यांना शोधता येत नव्हतं, एवढंच.

मी अगदी सावकाश समजावलं. पेटंट वीस वर्षांचं असतं, प्रत्येक देशात वेगळं घ्यावं लागतं. ते संपत आलं, की कंपनी औषधात थोडा बदल करून दुसरं मागते. सगळं खरं. हे दुसरं पेटंट आपल्याकडं नाकारलं गेलंय — तेवढं गाळलं.

"अजून सात-आठ वर्षं तरी नाही, दादा."

त्यांचा चेहरा उतरला. मी बघत राहिले. बरं वाटलं — खूप बरं वाटलं. चहात साखर किती, तेही विचारलं.

डॉक्टर म्हणत होते, येईल लवकर. पण दादांना घरचं माणूस खात्रीचं वाटलं. इतकी वर्षं कुठनं पुरणार, म्हणून त्यांनी गोळी बंद केली. ताईंनी मला फोनवर सांगितलं. तेव्हा तरी बोलायचं ना? मी फोन ठेवला आणि भाजी फोडणीला टाकली.

आमची स्वस्त गोळी वेळेवर आली. कंपनीत पेढे वाटले. डॉक्टरांनी दादांना लगेच सुरू केली, पण आजार हाताबाहेर गेला होता.

"तू तर सात-आठ वर्षं म्हणाली होतीस?" ताईंनी विचारलं.

"कोर्टाचा निकाल अचानक लागला, ताई." जीभ अडखळलीसुद्धा नाही.

दादा गेले. दहाव्याला ताई माझा हात धरून बायकांना सांगत होत्या, "बाकी सगळे नुसती आशा लावत होते. मेघानं तेवढं खरं सांगितलं. कोर्टाचं अचानक फिरलं, त्याला ती काय करणार?"

मी हात सोडवून घेतला नाही.