हंगामाच्या टेबलावर एक कलम

“अमरावतीवरून दोन पेट्या संत्री आणू. टेबल भरलेलं दिसलं म्हंजे झालं. कोन पाहून राहिलं?”

“देव पाह्यते ना.”

“देव का पेटीवरचं लेबल वाचते?”

चर्चच्या मागच्या खोलीत बायका परड्या पुसता पुसता हसत होत्या. एका बाजूला मी गीतांची पुस्तकं रचत होते. हंगामाची उपकारस्तुती आठ दिवसांवर आली होती. वरूडकडच्या आमच्या छोट्या मंडळीत त्या रविवारी प्रत्येक घर आपल्या शेतातलं पहिलं पीक वेदीपुढच्या टेबलावर आणून ठेवतं. त्या वर्षी दुष्काळामुळे कुणाकडेच ठेवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून विकतची फळं मांडायचं ठरलं होतं. मला राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली. इंग्रजी शाळेत रोज सकाळी म्हणून म्हणून प्रार्थना मला पाढ्यांसारख्या पाठ झाल्या होत्या. देव आहे हे मला माहीत होतं, जशी एखाद्या देशाची राजधानी माहीत असते. त्याच्या नुसत्या विचाराने लहानपणी अंगावर काटा यायचा. तो कधी यायचा थांबला, ते कळलंही नाही.

मी अमरावतीहून आले होते ती काकांसाठी. टेबलावरची पहिली परडी दरवर्षी त्यांच्या संत्र्यांची असायची. शेंदूरजनाघाटच्या रस्त्यावरची त्या बागेची बोअर सलग तीन वर्षांच्या दुष्काळात आटली आणि झाडं वाळली. चर्चचे पाळकसाहेब उपकारस्तुतीला बोलवायला आले तेव्हा काका म्हणाले, “उपकार कायचे मानू? मी नाई येत.” त्यानंतर ते कुणाशी बोलेनासे झाले. त्या वर्षांत आमच्याकडे घरातला पुरुष गप्प झाला की बायका त्याला नजरेआड होऊ देत नसत. काकूंनी विहिरीकडे जायच्या वाटेवर बाज टाकली होती. मीही पुस्तक घेऊन तिथेच बसायचे. कशासाठी, हे आम्ही दोघीही बोलत नव्हतो.

सोमवारी लाकूडवाल्यांनी वाळलेली झाडं तोडायला बागेत कटर लावलं. काका बांधावर पाठ फिरवून बसले. मी शेजारी बसले आणि मनात प्रार्थना सुरू केली, पण पुढचं वाक्य आधीच ठाऊक असलेली प्रार्थना मला त्या दिवशी संपवता येईना. मी अर्ध्यावरच थांबले आणि मनातल्या मनात देवाला सुनावलं, तू असशील तर आता तू बोल, मी काही बोलणार नाही.

थोड्या वेळाने रस्त्यावर एक लुना थांबली. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, मागच्या खोक्यात जंबेरीची रोपं, ज्यांच्यावर संत्र्याचं कलम बांधतात ती. म्हातारे थेट बागेत शिरले आणि कटरवाल्यावर ओरडले, “ठैर जा, बाबा! ही कलमं माया हातची हायेत.” अठरा वर्षांपूर्वी शेंदूरजन्यातल्या एका रोपवाटिकेत त्यांनीच ती बांधली होती. प्रत्येक झाडाची साल नखाने खरवडत ते फिरले. शेवटच्या ओळीत एका झाडाच्या एकाच फांदीपाशी थांबले आणि त्यांनी कलमाचा चाकू काढला.

“काहून मेहनत घेता, चाचा?” काका पाठमोरेच म्हणाले. “कलम लागनार नाई ते.”

“मी कलमाचा डोया बांधून राहिलो, भाऊ. भविष्य नाई सांगून राहिलो.”

त्यांनी त्या फांदीची पेन्सिलीएवढी काडी कापली, तिच्यावरचा एक डोळा, जिथून कोंब फुटतो तो, पातळ सालीसकट अलगद सोलून काढला आणि मला जवळ बोलावलं. सालीच्या आत ओल होती. तीन वर्षं पाणी न मिळालेल्या त्या बागेत, कटर चालू असताना, तांदळाच्या दाण्याएवढा तो डोळा हिरवा आणि ओलसर चमकत होता. माझ्या अंगावर काटा आला. शब्द एकही सुचला नाही, आणि कित्येक वर्षांनी मी खरोखर प्रार्थना करत होते.

जंबेरीच्या खोडाला काप देऊन त्यांनी डोळा आत सरकवला आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळली. काका केव्हा वळून बसले होते, मला कळलं नाही. “तीन हप्ते पट्टी सोडाची नाई,” चाचा मला म्हणाले. “पाह्याचा लय मोह होते. पाह्यलं की मेलं.” ते रोप माझ्या हातात देऊन ते निघून गेले. मी बुजरी, नाव विचारायचं धाडसच झालं नाही. त्यांचे आभार मी आजही देवाकडेच पोचवते.

ते कलम पुढे लागलं का, असं मला सगळे विचारतात. मी सांगत नाही. लागलं म्हटलं तर लोक चमत्कार म्हणतील, नाही म्हटलं तर कीव करतील. मला जे मिळायचं ते पट्टी बांधलेली असतानाच मिळालं होतं. आपण बांधायचं आणि हात काढून घ्यायचा, एवढंच मी शिकले.

रविवारी रोपाला धक्का लागू नये म्हणून काकांनी मला स्कूटरवरून सावकाश नेलं, पण स्वतः फाटकाबाहेरच थांबले. आत टेबल विकतच्या फळांनी गच्च भरलं होतं. मी रोपाची काळी पिशवी घेऊन पुढे गेले. मंडळीचे एक ज्येष्ठ पंच हळूच म्हणाले, “बेटा, हे पीक नाही. काडी आहे नुसती. बाहेर ठेव.”

सगळं चर्च बघत होतं. मी त्या चर्चमध्ये कधी मोठ्याने बोलले नव्हते. पण मी पिशवी खाली ठेवली नाही.

“ही संत्री जरा सरकवा, अंकल. आमच्या घरात यंदा एवढंच जिवंत आहे आणि ते देवाचं आहे. लागेल की नाही ते त्याचं तो बघेल. काका, बाहेर काय उभे आहात? आत या, हे तुमच्या हाताने ठेवायचंय.”