आजीच्या फोनमध्ये न गेलेली फाईल

समुद्राच्या भरतीची वेळ पाहायला फोन उघडला की ती आजी हटकून आठवते. नोकरीत पाहिलेले चोर-दरोडेखोर आता पुसट झाले, पण ठाण्याच्या बाकावर ठाण मांडून बसलेली ती म्हातारी काही डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा श्रीवर्धनच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नावं कोणाचीच लिहीत नाही. गाव लहान आहे, लगेच ओळखतील.

त्या गावातल्या बायका ओहोटीला खडकांवर चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपल्यातलं मांस, काढायला जातात. पाणी कधी उतरणार आणि कधी चढणार, यावर त्यांचा सगळा दिवस ठरतो. गावच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने सुट्टीत खटपट करून त्यांच्यासाठी एक मोबाइल ॲप बनवलं होतं. उघडलं की मोठ्या अक्षरांत आजची भरती, आजची ओहोटी, बस्स. गावापुरतंच असल्याने तिने ते प्ले स्टोअरवर न टाकता त्याची फाईल गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवली. फाईल उघडताना फोन ‘अनोळखी ठिकाणचं ॲप आहे’ असा इशारा देतो. बाईंनी प्रेमाने समजावलं होतं, की घाबरू नका, ‘तरीही घ्या’ वर बोट ठेवा. वर्षभर सगळं सुरळीत चाललं.

मग एक दिवस ग्रुपवर बाईंचा फोटो लावलेल्या एका नव्या नंबरवरून निरोप आला. माझा नंबर बदलला आहे, ॲपही सुधारलं आहे, सोबतची फाईल उघडा. लोकांनी उघडली. थोड्याच दिवसांत एकेकाच्या बँक खात्यातले पैसे गायब होऊ लागले आणि ठाण्यात तक्रारी अर्जांची रांग लागली. बचत गटाच्या बायका माझ्यासमोर रडल्या. त्यांचं रडणं खोटं नव्हतं.

सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, बाईंनी लुबाडलं. नव्या नंबरचं सिमकार्ड दुसऱ्याच राज्यातल्या कुणा माणसाच्या नावावर होतं, पण ‘तिनेच ते मिळवलं असणार’ म्हणून गाव मोकळं झालं. तिच्या वर्गातली मुलं पालकांनी घरी बसवली. बाई बौद्धवाडीतल्या, घरातल्या पहिल्या सरकारी नोकरदार. गावाची बोटं इतक्या चटकन तिकडे कशी वळली, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. आरोपी म्हणून तिचं नाव घ्या, असा तगादा रोज चालू होता. नाव एकदा कागदावर आलं की नोकरीवर गदा येणार, आणि पुढे निर्दोष सुटली तरी गावातली पत काही परत मिळत नाही. म्हणून मी हात आखडता घेतला होता.

बाईंना मी जबाबासाठी बोलावलं. आपला लॅपटॉप त्यांनी स्वतःहून आणून टेबलावर ठेवला. फाईल आपण पाठवली नाही, एवढं त्या शांतपणे सांगत होत्या. पुढचं मात्र त्यांना शांतपणे सांगता आलं नाही. “साहेब, इशारा आला तरी पुढे जा, हे त्यांना मीच शिकवलं. ती सवय माझी आहे.”

तेवढ्यात बाहेर गलका ऐकू आला. एक आजी ठाणे अंमलदाराशी हुज्जत घालत होती. पैसे गेले का, असं त्याने विचारलं, तर नाही म्हणाली. मग तक्रार कसली, म्हणून तो तिला वाटेला लावत होता. मी तिला आत घेतलं.

“बाई हितं हायेत म्हनून आले,” आजी मला बाजूला सारून बाईंसमोर जाऊन बसली. “तुजा नवा माज्या फोनात जाईत न्हाय. दुकानवाला बोलतो, आधी जुना काढ, मग जाईल. मी काढू द्येत न्हाय. जुना चांगला हाय माजा.”

इतके दिवस जो तो आत गेलेल्या फाईलबद्दल रडत होता. फाईल आत जात नाही अशी तक्रार करणारी ही पहिलीच. मी आजीसाठी चहा मागवला आणि सायबर सेलला फोन लावला.

सायबर सेलची पोलीस शिपाई मुलगी दुसऱ्या दिवशी हजर झाली. तिने ती फाईल कुठल्याही फोनवर चालवली नाही. इंटरनेट तोडलेल्या संगणकावर नुसती उलगडून पाहिली. अशी फाईल म्हणजे बांधलेलं गाठोडं असतं, न वापरता आत काय आहे ते बघता येतं, हे मला तेव्हा कळलं. आत दोन गोष्टी सापडल्या. एक, हे ॲप फोनवरचे सगळे मेसेज वाचायची परवानगी मागत होतं. भरती-ओहोटी सांगणाऱ्याला तुमच्या बँकेचे मेसेज कशाला हवेत? दुसरी गोष्ट शिक्क्याची. ॲप बनवणारा त्यावर स्वतःचा डिजिटल शिक्का मारतो. जुन्या ॲपवर नवं चढवताना फोन दोन्ही शिक्के ताडून बघतो, जुळले नाहीत तर नवं आत घेत नाही. आजीच्या फोनमधल्या ॲपचा शिक्का बाईंच्या लॅपटॉपमधल्या शिक्क्याशी जुळला. नव्या फाईलवरचा शिक्का परक्याचा निघाला.

मग सगळ्या अर्जदारांना मी पुन्हा बोलावलं आणि एवढंच विचारलं, की तुमच्याकडे जुनं ॲप होतं का, आणि ते कोणी काढलं? काहींकडे ते कधी नव्हतंच. ज्यांच्याकडे होतं, त्या सगळ्यांनी नाक्यावरच्या मोबाइल दुकानदाराचं नाव घेतलं.

दुकानदार चलाख होता. स्वतःचं नाव सांगण्याआधी वकिलाचं नाव सांगणारा. गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून काढलं, त्यात माझा काय गुन्हा, हे त्याचं पालुपद. मी वाद घातला नाही. पंचांसमोर त्याचा फोन ताब्यात घेतला आणि उघडून टेबलावर ठेवला. त्यात बाईंचं जुनंच ॲप होतं. त्याची आईही कालवं काढायला जाते, तिचा फोन मागवला. त्यातही जुनंच.

“सगळ्या गावाला नवं दिलंस,” मी म्हटलं. “आईला का नाही दिलंस?”

त्याने पाणी मागितलं आणि मग सगळं सांगितलं. बाईंची फाईल परराज्यातल्या टोळीला त्यानेच पुरवली होती. त्यांनी तिच्यात फेरफार केला, आणि जेवढ्या फोनमध्ये ती शिरेल तेवढं कमिशन त्याला मिळणार होतं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण त्याच्या फोनमधली पाठवापाठवी टिकली. टोळीतले दोघे पुढे पकडले गेले. गोठवलेल्या खात्यांतून काही बायकांचे पैसे परत आले, काहींचे आले नाहीत.

मुलं शाळेत परतली. बाईंची माफी मात्र कोणी मागितली नाही, आणि याचा मला आजही राग येतो. त्यांनी ॲप रीतसर प्ले स्टोअरवर चढवलं. ‘माझ्या नावाने आली तरी ग्रुपवरची फाईल उघडू नका’, हे गावाला सांगायला शाळेच्या ओट्यावर बायकांना बोलावलं. मीही गेलो होतो. सुरुवातीला कोणी पुढे येईना. प्ले स्टोअरवरच्या ॲपवर स्टोअरचा वेगळा शिक्का असतो, म्हणून नवं घ्यायचं तर इथेही आधी जुनं काढावं लागणार होतं आणि त्या वाक्याने सगळ्यांनाच पोळलं होतं.

नोकरीभर मी ज्याचं गेलं त्याचं ऐकत आलो. ज्याचं काहीच गेलं नाही, त्यालाही बसवून घ्यावं आणि तो का आला ते विचारावं, हे मी या प्रकरणात शिकलो. पुढे हाताखालच्या प्रत्येक अंमलदाराला ते सांगत राहिलो.

त्या दिवशी ओट्यावर शेवटी ती आजीच उठली. दुकानदाराला तिने जुन्या ॲपला हात लावू दिला नव्हता, मलासुद्धा पंचनाम्यापुरताच फोन दिला होता. तो फोन तिने सगळ्यांसमोर बाईंच्या हातात ठेवला.

“काढ,” ती म्हणाली. “तू काढतंस तर काढ.”